गुरुवारच्या वर्गातलं कासव

आमच्या विभागातल्या चहाच्या खोलीत दोन पक्ष होते. एक फोनवाल्यांचा आणि दुसरा माझा. माझ्या पक्षात मी एकटीच उरले होते, कारण बाकीचे कोणी निवृत्त झाले, कोणी फुटले. मी इथल्या विद्यापीठात मृदा यांत्रिकी शिकवते. म्हणजे इमारतीखालची माती काय काय उद्योग करते, ते. पुण्याहून संशोधनासाठी आले तेव्हा आईला सांगून निघाले होते, दोन वर्षांत परत. ती दोन वर्षं अजून चालू आहेत. वर्गाच्या दाराशी मी बिस्किटांचा एक मोठा डबा ठेवायचे. आत येताना फोन त्यात टाकायचा, हा माझा नियम. मुलं टाकायची, आणि मग तासभर फळ्याकडे बघण्याऐवजी त्या डब्याकडे बघत बसायची.

माझ्या शेजारच्या खोलीत बसणारा सहकारी फोनवाल्यांचा म्होरक्या. इथलाच, चिनी वंशाचा, वयाने माझ्याहून बराच लहान, वागायला गोड आणि वादाला चिवट. तो म्हणायचा, "आमची मुलं हात वर करत नाहीत. चुकलं तर चारचौघांत शोभा होईल म्हणून गप्प बसतात. त्यांना फोनवर विचारा, बघा कशी बोलतात." मी म्हणायचे, "बोलतील ना! घरी अंथरुणात पडून बोलतील. नाहीतर शेजारच्याला सांगतील, माझंही जॉइन तूच दाब." तो हसायचा. मला मात्र हसू यायचं नाही. हजेरीत दुसऱ्याच्या नावाने 'येस सर' म्हणणारी मुलं मी पुण्यात पाहिली होती; पण निदान त्यांना आवाज तरी बदलावा लागायचा. इथे नुसता अंगठा पुरे.

शेवटी विभागाने ठरवलं, सगळ्या वर्गांत फोनवरची प्रश्नमंजुषा घ्यायची आणि तिला मार्क ठेवायचे. जॉइन केल्याचे थोडे, उत्तराचे थोडे. या देशात मार्क म्हटले की मुलं शाळेपासूनच जिवाचं रान करतात, त्यामुळे डब्यात फोन टाकायचा प्रश्नच मिटला. घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो कसा, "काय बाईसाहेब, टेकलेत गुडघे?" तो रॅफल्स प्लेसला, इथल्या बँकांच्या पेठेत, एका बँकेची सॉफ्टवेअरं सांभाळतो, तेव्हा तो कुठल्या पक्षाचा हे वेगळं सांगायला नको. मी म्हटलं, "गुडघेबिडघे काही नाही. डबा फक्त उचलून ठेवलाय." तो डबा मग आमच्या स्वयंपाकघरात आला आणि त्यात पोहे राहू लागले.

आता खरं तेही सांगते. फोनवर मुलं बोलायला लागली. जी मुलं वर्षभर माझ्यापुढे मिठाची गुळणी धरून बसली असती, त्यांचे प्रश्न पडद्यावर भराभर यायला लागले. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून आणखी राग आला.

त्याची पद्धत अशी होती. वर्ग सुरू झाला की मी माझ्या लॅपटॉपवर एक बटण दाबायचे. लगेच वर्गातल्या प्रत्येकाचा फोन वाजायचा आणि फोनवर त्याचं स्वतःचं नाव यायचं: अमुक अमुक, तुझा वर्ग सुरू झालाय, जॉइन हो. नाही दाबलं, तर थोड्या वेळाने पुन्हा वाजायचा. दाबलं की समोरच्या मोठ्या पडद्यावर त्याचं चित्र उमटायचं. प्रत्येकाने एकेक प्राणी निवडलेला. मांजरं फार, एक पांडा, एक झुरळ निवडणारा महाभागही होता. आणि एक हिरवं कासव. दर गुरुवारी दुपारी मी बटण दाबलं रे दाबलं, की सगळ्यांत आधी ते कासव पडद्यावर यायचं. कासव पहिलं आलं म्हणून मुलं दरवेळी हसायची. तोच तोच विनोद, पण त्यांना पुरायचा.

कासववाली मुलगी एकदा तास संपल्यावर टेबलापाशी आली. बारीक चणीची, रबरी चपला, खांद्याला तिच्याहून मोठी पिशवी. म्हणाली, "प्रोफ, शेवटचा प्रश्न तुम्ही फार लवकर बंद केलात. मी अजून विचार करत होते." मी विचारलं, उत्तर काय आलं असतं? तिने बरोबर उत्तर सांगितलं, आणि का, तेही सांगितलं, मी वर्गात सांगितलं होतं त्याहून सोपं करून. मी म्हटलं, "मग दाबलं का नाहीस?" ती म्हणाली, "खात्री झाल्याशिवाय नाही दाबत." मला ती आवडली. मार्कांसाठी हुज्जत घालणारी शंभर भेटतात; विचार करायला वेळ मागणारी क्वचित.

मग दोन गुरुवार ती दिसली नाही. कासव मात्र यायचं, पहिलं नाही, जरा उशिरा. ती दिसत नाही आणि कासव दिसतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मनात म्हटलं, घ्या, हीसुद्धा त्यातलीच निघाली! भेटली की चांगली खडसावते.

खडसावायचं राहूनच गेलं. कार्यालयाचा ईमेल आला, तीन ओळींचा. आमची ती विद्यार्थिनी वारली होती. डेंग्यू झाला होता, इस्पितळात होती, प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि मग काही हाताला लागलं नाही. मी ईमेल वाचला आणि नावावरून चेहरा आठवेना. इतक्या मोठ्या वर्गात नावं कुठे पाठ होतात? प्रणालीत नाव घालून पाहिलं, तेव्हा नावाशेजारी ते हिरवं कासव आलं. मी लॅपटॉप मिटला.

त्या वेळी चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता. या महिन्यात गेलेली माणसं भुकेली होऊन घरी येतात, असं इथे मानतात. आमच्या इमारतीखाली लोखंडी पिंपांत कागद जळत असतात: कागदी नोटा, कागदी कपडे, हल्ली कागदी फोनसुद्धा. मैदानात मंडप घालून गाणीबजावणी होते आणि पुढची खुर्च्यांची रांग मुद्दाम रिकामी ठेवतात, त्यांच्यासाठी. आपल्याकडे पितृपंधरवडा, तसाच त्यांचा हा महिना. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. धुराने खोकला यायचा, एवढंच.

पुढच्या गुरुवारी मी वर्गात गेले. आमचा वर्ग तळघरात आहे, खिडकी नाही, एसी असा की हाडं गारठतात. मुलांनी तिची खुर्ची मोकळी ठेवली होती. मी दोन शब्द बोलले, मिनिटभर उभे राहिलो. मग शिकवायला तर हवंच, म्हणून बटण दाबलं. फोन वाजले. पडद्यावर पहिलं मांजर आलं, मग पांडा, मग आणखी दोन मांजरं. आणि मग हिरवं कासव.

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंडावर हात धरून रडायला लागली. ती कासववालीची मैत्रीण होती, हे मला नंतर कळलं. मागचा एक जण दप्तर उचलून सरळ निघून गेला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्यापाठोपाठ माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कोणाचा चावटपणा आहे हा?" मी ओरडलेच. "कोणाकडे आहे तिचा पासवर्ड? लाज नाही वाटत? मेलेल्या पोरीची थट्टा करता?" सगळे माझ्याकडे बघत होते आणि ती थट्टा करणारी तोंडं नव्हती. ती घाबरलेली होती. मी प्रश्नमंजुषा बंद केली. पण बंद करायच्या आधी पहिल्या प्रश्नाची उत्तरं आली होती, आणि कासवानेही उत्तर दिलं होतं. पहिला पर्याय. चूक.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सेशन राहिलं असेल गं सर्व्हरवर. मेलेली माणसं लॉगिन करत नाहीत."

"आणि उत्तर? उत्तरही सर्व्हरच देतो?"

"देईल की. बग असेल."

"तुमच्या धंद्यात कळलं नाही की बग, आणि आमच्यात कळलं नाही की भूत."

तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "अगं, यादीतून नाव काढून टाक ना. एक क्लिक आहे."

एक क्लिकच होता. कार्यालयानेही तेच कळवलं होतं: वर्गाची प्रमुख म्हणून तुम्ही नाव काढा. मी दर बुधवारी ती यादी उघडायचे, तिच्या नावावर जायचे आणि बाहेर यायचे. स्वतःला सांगायचे, चोर पकडायचाय म्हणून ठेवलंय. खरं म्हणजे मला भीती वाटायची. आपल्या हाताने ते नाव पुसलं आणि गुरुवारी कासव तरीही आलं तर? शास्त्र शिकवणाऱ्या बाईने हे लिहावं का? पण वाटायचं, त्याला काय करणार!

मुलांनी आपल्यापुरतं उत्तर शोधलं होतं. एक जण मला जिन्यात म्हणाला, "प्रोफ, काढू नका तिला. सातवा महिना संपला की ती आपोआप जाईल, लाह." वाक्याला 'लाह' लावायची इथली सवयच; त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. महिना संपला. पिंपं उचलली गेली, मंडप उतरले, राख धुऊन निघाली. गुरुवारी मी बटण दाबलं आणि कासव आलं.

तेव्हापासून माझे गुरुवार बिघडले. वर्गात शिरले की आधी नजर त्या मोकळ्या खुर्चीकडे. फळ्याकडे तोंड केलं की वाटायचं, मागे कोणीतरी अजून विचार करतंय आणि मी घाई करतेय. मी प्रश्न उघडे ठेवायला लागले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. सगळ्यांची उत्तरं यायची, आणि सगळ्यांत शेवटी कासवाचं. दर वेळी पहिलाच पर्याय, मग तो बरोबर असो की चूक. बहुतेक वेळा चूकच. मला त्याचा विलक्षण त्रास व्हायचा. खात्री झाल्याशिवाय न दाबणारी ती मुलगी अशी आंधळी उत्तरं का देईल? म्हणजे मी आता त्या कासवाशी ती मुलगीच आहे असं धरून वाद घालत होते, हेही माझ्या लक्षात यायचं आणि आणखी घाबरायला व्हायचं.

एका गुरुवारी मी पर्यायांचा प्रश्न घातलाच नाही. लिहून उत्तर द्या म्हटलं: आज काय समजलं नाही? मुलांचं नेहमीचं आलं, हे सूत्र, ते सूत्र. मग बराच वेळाने कासवाकडून एक ओळ आली. चिनी लिपीत. मला अर्थातच कळेना. मी पुढच्या रांगेतल्या त्या मैत्रिणीला विचारलं, काय लिहिलंय? तिचा रंग उतरला होता. म्हणाली, "लिहिलंय, माफ करा, मला काहीच समजत नाही." आणि मग ती हळू म्हणाली, "प्रोफ, ही ती नाही. तिला चिनी लिहिता यायचं नाही धड. ती सगळं इंग्रजीतच लिहायची. ही तिची आई आहे."

त्या शनिवारी मी तिच्या त्या मैत्रिणीला घेऊन जुरोंग ईस्टला, तिच्या घरी गेले. स्टेशनवरच्या मॉलच्या गर्दीतून बाहेर पडून मागच्या जुन्या सरकारी फ्लॅटांकडे. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होते. दुसऱ्याच्या नावाने जॉइन करणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, पकडला तर मुलाला वर्षभर घरी बसवतात. ते बाईंना सांगायचं, पण गोड शब्दांत. नाव काढावं लागेल, हेही सांगायचं. मैत्रीण म्हणाली, "प्रोफ, आंटींना इंग्रजी थोडं येतं. अडलं तर मी सांगेन." आणि मग घाबरत घाबरत, "रागावू नका हं." मी काय राक्षसीण आहे का, असं ओठांवर आलं होतं. पण पोरीने मला वर्गात ओरडताना पाहिलं होतं.

आई माझ्याच वयाची निघाली. घरी कपडे आल्टर करून देते. शिलाई मशीनवर कोणाची तरी पँट अर्धी उसवलेली पडली होती. भिंतीशी मुलीचा फोटो, पुढे संत्री, आणि संत्र्यांशेजारी चार्जरला लावलेला तो फोन. बाईंनी मला खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या. मुलीची शिक्षिका घरी आली म्हणून त्या इतक्या गडबडून गेल्या होत्या की मी पाठ केलेलं सगळं विसरले.

त्यांनीच सांगायला सुरुवात केली. इस्पितळात मुलीच्या हाताला सुया लावल्या होत्या. गुरुवारी दुपारी फोन वाजला तशी ती म्हणाली, आई, तो जॉइन दाब आणि काहीतरी उत्तर दाब, नाहीतर मार्क जातील. आईने दाबलं. पुढच्या गुरुवारीही दाबलं. तेव्हा मुलीला बोलण्याचं त्राण नव्हतं, नुसती मान हलवली. मग सगळं आटोपलं. आणि त्यानंतरच्या गुरुवारी फोटोपुढे ठेवलेला फोन वाजला.

"तिच्या नावाने वाजतो," आई म्हणाली. "तुझा वर्ग सुरू झाला, जॉइन हो. नाही दाबलं तर पुन्हा वाजतो. तिला बोलावतात आणि ती जात नाही, असं कसं चालेल?"

मी फोटोकडे बघत होते. बाईंकडे बघायची छाती होत नव्हती.

"आधी पुष्कळ मेसेज यायचे," त्या म्हणाल्या. "मित्रमैत्रिणींचे, रडण्याचे, फुलांचे. मग कमी झाले. पोरं आहेत, त्यांचं चालू राहणार. आता फक्त गुरुवारी वाजतो. तिला नावाने हाक मारणारं आता तेवढंच आहे." मैत्रीण मान खाली घालून बसली होती.

नाव काढावं लागेल, हे मी म्हणूच शकले नाही. त्यांनीच विचारलं, "वर्ग किती दिवस आहेत अजून?" मी सांगितलं, नोव्हेंबरपर्यंत. त्या माझ्याजवळ आल्या आणि माझा हात धरला. "तेवढं होऊ दे, टीचर. एकदा घेतलेलं अर्धं सोडायची सवय नव्हती तिला. हा विषय पुरा होऊ दे तिचा. मग मी काही मागणार नाही." मी हो म्हटलं. कोणाच्या अधिकारात म्हटलं, देव जाणे.

परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच विचार. इतके दिवस मी समजत होते, माझ्या वर्गात भूत येतंय. पण मी तळघरात बसून बटण दाबत होते, आणि तिकडे त्या घरात, मशीन चालू असताना, संत्र्यांशेजारी फोन वाजत होता. दर गुरुवारी त्या घरात शिरणारं भूत मीच होते.

कार्यालय काही ऐकेना. मृत व्यक्तीचं खातं उघडं ठेवता येत नाही, नियम आहे. आणि दुसरं कोणी ते वापरत असेल तर मग विचारायलाच नको. चहाच्या खोलीत मी सहकाऱ्याला सांगितलं, तर तोही म्हणाला, "नियम बरोबर आहे. एवढी भावनिक होऊ नकोस. ते नुसतं नोटिफिकेशन आहे."

मी भडकले. "अस्सं? वर्षभर माझ्या कानीकपाळी ओरडत होतास, फोन म्हणजे यंत्र नव्हे, फोन म्हणजे मुलांशी नातं! आता ते नातं एका आईने धरून ठेवलं तर लगेच नोटिफिकेशन झालं?" खोलीतली बाकीची मंडळी कप घेऊन हळूच सटकली. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं." आणि त्यानेच माझ्याबरोबर कार्यालयात येऊन सांगितलं, प्रणाली त्याच्या देखरेखीखाली आहे, शेवटच्या वर्गापर्यंत खातं राहील, नंतर तो स्वतः बंद करील. फोनवाल्यांचा म्होरक्या आणि फोनची वैरीण, दोघं एका बाजूला! कार्यालयातल्या बाईंनी एवढ्यावरच हात टेकले असावेत.

शेवटच्या वर्गाच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने विचारलं, "आंटी वर्गाला येऊ का म्हणतायत. चालेल?" मी म्हटलं, हे काय विचारणं झालं?

त्या आल्या. गडद निळा ब्लाउज, केस नीट बसवलेले, पालकसभेला यावं तशा. मुलीच्या खुर्चीत त्या बसल्या, दोन्ही हातांत फोन धरून. मैत्रीण शेजारी. एसीने त्यांना हुडहुडी भरली तशी मागच्या एका मुलाने आपलं जॅकेट काढून दिलं. त्या दिवशी दप्तर उचलून निघून गेलेला तोच. मी बटण दाबलं. वर्गभर फोन वाजले आणि त्यांच्या हातातलाही वाजला. बाईंनी तो कानाशी नेला, जरा ऐकला, मग जॉइन दाबलं. पडद्यावर कासव आलं आणि बाईंनी ते मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच पाहिलं. त्या मैत्रिणीला काहीतरी म्हणाल्या. मला वाटतं, हेच ना तिचं, असं.

त्या दिवशीचा प्रश्न साधा होता. ओल्या चिकणमातीवर अचानक मोठा भार आला, तर पहिल्या क्षणी तो कोण पेलतं? पहिला पर्याय मातीचे कण, दुसरा कणांमधलं पाणी, तिसरा दोघं मिळून. मुलं विचार करून उत्तरं देत होती. बाईंनी पहिला पर्याय दाबला. मी काही घाई केली नाही; सगळ्यांची झाल्यावर उत्तर उघडलं. भार आधी पाणी पेलतं. मग पाणी हळूहळू निघून जातं आणि तो कणांवर येतो, कधी कधी त्याला वर्षं लागतात. भराभर सगळ्यांचे फोन उजळले, बहुतेक हिरवे. वर्ग खूश. बाईंच्या हातातला फोन लाल झाला.

बाई हसल्या. मग त्यांनी शेजारच्या फोनकडे पाहिलं, मग पलीकडच्या, मग पुढच्या रांगेतल्या. हिरवा, हिरवा, हिरवा. त्यांनी मैत्रिणीला काहीतरी विचारलं. मैत्रिणीने आधी नुसतं डोकं हलवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने अगदी हळू काहीतरी सांगितलं. बाईंचं हसू जाताना मी पाहिलं. उरलेला तास त्या फोन मांडीवर धरून ताठ बसल्या आणि पुढच्या प्रश्नांना त्यांनी हात लावला नाही.

तास संपला. मुलं एकेक करून त्यांच्यापुढे वाकून गेली. मग त्या माझ्या टेबलापाशी आल्या, मैत्रिणीला मागे ठेवून, एकट्या.

"टीचर, लाल म्हणजे चूक?"

मी मान हलवली.

"आमच्यात लाल चांगलं," त्या म्हणाल्या. "लग्नात लाल, नव्या वर्षात लाल. मला वाटलं, लाल झालं म्हणजे बरोबर आलं. दर गुरुवारी फोटोला सांगायचे, आजही तुझं बरोबर आलं." त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "सगळं मी चुकवलं. ती नाही. तिला येत होतं. तिचे मार्क कापू नका."

"नाही कापणार, आंटी."

"आत्ता करा. मी बघते."

माझ्यासमोर मार्कांसाठी मुलं रडली आहेत, पाया पडली आहेत, पण मी कधी अर्धा मार्क सोडलेला नाही. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, तिच्या नावापुढे त्या सगळ्या गुरुवारांचे पूर्ण मार्क भरले. हे नियमात कुठे बसतं ते मी कोणाला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. त्यांनी वाकून मुलीचं नाव वाचलं, आकडा वाचला, पुन्हा नाव वाचलं.

"सेव्ह?" त्यांनी विचारलं.

मी सेव्ह केलं.

मग त्यांनी हातातल्या फोनचं बाजूचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, तरी त्यांचा अंगठा तिथेच होता.